पाठीराख्यांचे हंगाम

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने खेड मागे टाकून मंचरकडे निघाले म्हणजे आंबेगाव तालुक्यातील पेठ हे गाव लागते. या गावी, आणि पुढे मंचर, नारायणगाव, जुन्नर या साऱ्या टापूत, यात्रेतील बैलगाड्यांची शर्यत हा लोकांच्या मोठ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. ज्या चढणीवर गाडे पळतात तिला तिकडे घाट म्हणतात, आणि गाड्याच्या एका धावेला बारी. बारी काही सेकंदांत आटोपते. तिची आठवण मात्र माणसे वर्षानुवर्षे जतन करून ठेवतात. मुक्या जनावरांचा होणारा छळ ध्यानात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये या शर्यतींना बंदी केली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळेपर्यंत सात वर्षे घाट ओस पडले होते. तेवढ्या काळात नव्या बाऱ्या झाल्या नाहीत. परंतु जुन्या बाऱ्यांच्या गोष्टी काही थांबल्या नाहीत. अमक्या साली कोणाचा गाडा पहिला आला, कोणत्या साली आपल्या गावचे बैल ऐन वेळी बुजले, हे सांगणारे सांगतच राहिले.

पाठीराखा म्हणून जो मनुष्यविशेष आहे त्याचे मर्म यात सापडते. तो स्वतः खेळत नाही, त्याला बक्षीस मिळत नाही, आणि पुष्कळ वेळा खेळाडूशी त्याची ओळखही नसते. तरीही जय झाला की ‘आपण जिंकलो’ असे तो म्हणतो. त्याची कालगणनाही निराळी असते. शके आणि सन यांच्याबरोबर त्याच्याजवळ हंगामांची एक तिसरी गणना असते, आणि त्या गणनेतील काही वर्षे त्याला घरातील मंगल कार्याइतकी प्रिय असतात. खेड्यातील यात्रेत जी गोष्ट बैलगाड्याची, तीच शहरातील सुशिक्षित घरांत क्रिकेटची झाली. पुण्याच्या बाबतीत बोलावयाचे तर तो मान रणजी करंडकासाठी खेळणाऱ्या महाराष्ट्राच्या संघाकडे जातो. या संघाने अजिंक्यपद आजवर दोनदाच मिळविले आहे. तरीसुद्धा त्याचे पाठीराखे पिढ्यान् पिढ्या टिकून राहिले, आणि त्यांचे आवडते हंगाम मोजू लागले असता ते दोनांहून पुष्कळ अधिक भरतात. असे का व्हावे, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

त्याचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम हे पाहिले पाहिजे की, ‘आपला संघ’ ही कल्पना आरंभी प्रांताशी जोडलेली नव्हती. मुंबईचे नामांकित सामने जातवार आणि धर्मवार होत असत. १९०७ साली युरोपियन, पारशी आणि हिंदू यांचे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ येऊन ते चौरंगी झाले. १९३७ साली ‘इतर’ या नावाचा पाचवा संघ येऊन पंचरंगी झाले. या सामन्यांना अलोट गर्दी लोटे. प्रेक्षकाला आपली बाजू निवडावी लागत नसे. ती जन्माबरोबरच त्याच्या वाट्याला आलेली असे. डिसेंबर १९४० मध्ये महात्मा गांधींनी अशा धर्मवार खेळांविरुद्ध आपले स्पष्ट मत दिले. वाद वाढत गेला, आणि १९४५-४६ च्या हंगामानंतर हे सामने कायमचे बंद पडले.

दरम्यान १९३४ साली प्रांतवार सामन्यांची स्पर्धा सुरू झाली होती. कुमार श्री रणजितसिंहजी यांच्या नावाचा करंडक तिच्यासाठी ठेवण्यात आला. येथे एकाच संघात हिंदू, मुसलमान, पारशी असे सर्व खांद्याला खांदा लावून खेळू लागले. पण प्रेक्षकांच्या दृष्टीने ही नवलाई अवघड होती. पिढीजात निष्ठा तयार असते. नवी निष्ठा घडवावी लागते. मुंबईच्या संघाला पहिल्या दोन्ही वर्षी अजिंक्यपद मिळाल्यामुळे त्याचे काम सोपे झाले. महाराष्ट्राच्या संघाला मात्र आपला पाठीराखा मिळवावा लागला, आणि तो मिळवून देण्याचे श्रेय बव्हंशी एका संस्कृतच्या प्राध्यापकाकडे जाते.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म पुण्यात १४ जानेवारी १८९२ रोजी झाला. ते सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवीत. १९२६ च्या डिसेंबरात गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या इंग्रज संघाविरुद्ध मुंबईस त्यांनी १४८ धावा केल्या, तेव्हाच त्यांचे नाव देशभर झाले. परंतु त्यांच्या आयुष्यातील खरे पर्व वयाच्या अशा टप्प्यावर सुरू झाले की जेव्हा इतर खेळाडू बॅट खुंटीला टांगतात. ते महाराष्ट्राचे कर्णधार झाले. सकाळी वर्गात शिकविणारा गृहस्थ दुपारी मैदानावर उभा राहतो, हे दृश्य पुण्याच्या मध्यमवर्गाला आपलेसे वाटावे यात नवल नाही. संस्थानिकांच्या आणि गर्भश्रीमंतांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळात आपल्याच आळीत शोभेल असा एक कप्तान त्यांना लाभला होता.

पाठीराख्यांच्या गणनेतला पहिला सोन्याचा हंगाम म्हणजे १९३९-४० चा. त्या वर्षी पुण्यास बडोद्याविरुद्ध झालेल्या सामन्यात विजय हजारे यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. कोणाही भारतीय फलंदाजाने प्रथम श्रेणीच्या सामन्यात केलेले ते पहिले त्रिशतक होय. त्याच डावात नवव्या गड्यासाठी हजारे आणि नगरवाला यांनी २४५ धावांची भर घातली. आठ गडी परतल्यावर डाव संपला असे समजून उठू लागलेल्या प्रेक्षकाला पुन्हा बसावयास लावणारी ती भागी होती. पुढे अंतिम सामना पुण्यासच झाला. त्यात संयुक्त प्रांताचा दहा गड्यांनी पराभव करून महाराष्ट्राने करंडक प्रथमच आपल्याकडे आणला.

दुसरा हंगाम १९४०-४१ चा. मुंबईशी गाठ पडली ती पुण्यास, आणि दोन्ही संघांनी एकेक डाव असा रचला की धावफलक लिहिणाऱ्याचा हात दुखावा. महाराष्ट्राच्या धावा झाल्या ६७५, मुंबईच्या ६५०. पहिल्या डावातील अवघ्या २५ धावांच्या आघाडीवर सामन्याचा निकाल लागला. महाराष्ट्राच्या डावात देवधरांच्या २४६ धावा होत्या, आणि त्यांचे वय होते ४८ वर्षांचे. आपल्याहून निम्म्या वयाच्या गोलंदाजांना तोंड देत ते उभे राहिले होते. त्यानंतर अंतिम सामन्यात मद्रासला मद्रासमध्येच हरवून महाराष्ट्राने करंडक राखला. देवधरांनी पन्नाशी ओलांडल्यावरही नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके केली, हेही येथेच नमूद करावयास हवे.

यश असे दारी आले आणि लगेच पाठीराख्याच्या पहिल्या परीक्षेची घटका आली. हजारे बडोद्याच्या आश्रयास गेले आणि पुढे बडोद्याकडून खेळू लागले. ज्या बडोद्याविरुद्ध त्यांनी त्रिशतक काढले होते, त्याच बडोद्यासाठी १९४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी गुल महंमद यांच्याबरोबर ५७७ धावांची भागी रचली. खेळाडूचा आवडता संघ बदलू शकतो; त्याला पोटापाण्याचा विचार करावा लागतो. पाठीराख्याला ती मुभा नसते, किंवा असली तरी तो ती घेत नाही. वस्तुतः महाराष्ट्राचा खरा पाठीराखा यानंतरच्या काळात घडला असे म्हणावे लागते.

कारण अजिंक्यपद न मिळालेला १९४८-४९ चा हंगाम हा पुष्कळांच्या लेखी त्या दोन्ही हंगामांच्या तोडीचा ठरला. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास काठेवाडचा संघ २३८ धावांत बाद झाला. महाराष्ट्राच्या डावात कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास आले. भांडारकरांनी २०५ धावा करून त्यांना साथ दिली, आणि दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. चार गडी बाद ८२६ अशी धावसंख्या झाली तेव्हा निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांनी १९३० साली केलेल्या नाबाद ४५२ धावांच्या जागतिक उच्चांकाची बरोबरी करावयास नऊच धावा हव्या होत्या. मधल्या सुटीत काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी डाव घोषित करण्याचा आग्रह धरला. तो मान्य होईना तेव्हा सामना सोडून देऊन त्यांचा संघ परत गेला. नऊ धावा तशाच राहिल्या. निंबाळकरांना पुढे अधिकृत कसोटी सामना एकही खेळावयास मिळाला नाही. तथापि भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतील सर्वांत मोठी खेळी म्हणून ४४३ हा आकडा आजही कायम आहे. न काढलेल्या नऊ धावांची हळहळ पाठीराख्यांनी काढलेल्या ४४३ धावांइतकीच जपून ठेवली आहे.

त्याच हंगामात, मार्च १९४९ मध्ये, उपान्त्य सामन्यासाठी मुंबईचा संघ पुण्यास आला. मुंबईने ६५१ आणि आठ गडी बाद ७१४ धावा केल्या. महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा आणि नऊ शतके! एका प्रथम श्रेणीच्या सामन्यात याहून अधिक धावा जगात कोठेही झालेल्या नाहीत. महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. पण चौथ्या डावात हजाराच्या घरातील डोंगर समोर असताना ६०० धावांची मजल मारणारा संघ हरला असे कोणाच्या तोंडून सहसा निघत नाही; तो ‘कमी पडला’ असेच म्हटले जाते. मुंबईच्या बाजूने शतके काढणाऱ्यांत दत्तू फडकर होते, आणि त्यांचा जन्म कोल्हापूरचा. दोन्ही बाजूंना मराठी माणसे. तरीही पुण्याच्या प्रेक्षकाची बाजू ठरलेली होती. जन्म आणि जात यांवरून बाजू ठरण्याचा काळ मागे पडला होता, हे यावरून दिसते.

नंतरच्या काळात करंडक तीनदा हाताशी येऊन निसटला. १९७०-७१ साली मुंबईचे बिनीचे खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असताना चंदू बोर्डे यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र अंतिम सामन्यात उतरला आणि अवघ्या ४८ धावांनी हरला. १९९२-९३ साली लुधियानास पंजाबने महाराष्ट्राला हरवून आपले पहिले अजिंक्यपद मिळविले. २०१३-१४ च्या हंगामात केदार जाधव यांनी १२२३ धावा केल्या. आदल्या वर्षीच्या अजिंक्य मुंबईला मुंबईतच, वानखेडे मैदानावर, आठ गड्यांनी नमविले. आणि हैदराबादच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाने सात गड्यांनी विजय मिळविला. ज्याने १९४१ पाहिले नाही अशा तरुण पाठीराख्याला आवडता हंगाम विचारला, तर वानखेडेवरील तो विजय त्याच्या ओठी यावा हे स्वाभाविक आहे.

मध्यंतरी विदर्भाच्या संघाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीनदा अजिंक्यपद मिळविले. मुंबईची अजिंक्यपदे तर चाळिसाच्या वर गेली. मराठी मुलखात तीन संघ असताना पुण्याकडच्या माणसाने यशस्वी शेजाऱ्याकडे पाठ फिरवून १९४१ नंतर करंडक न मिळालेल्या संघाला का कवटाळून बसावे? हिशेबी माणसाला याचे उत्तर देता यावयाचे नाही. परंतु देवधर, निंबाळकर यांच्या हंगामांकडे पाहिले म्हणजे उत्तर दिसू लागते. करंडक एका वर्षापुरता संघाजवळ राहतो, नंतर दुसऱ्याकडे जातो. हंगाम मात्र ज्याने सोसला त्याच्याकडेच राहतो. पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या त्या नऊ धावा मुंबईच्या किंवा विदर्भाच्या भरल्या कपाटातून कोणी महाराष्ट्राच्या पाठीराख्याला देऊ केल्या, तरी तो त्या घेणार नाही. त्या निंबाळकरांच्याच बॅटीतून यावयास हव्या होत्या, असेच तो म्हणेल.