बोर्ड : एका फळीची कुळकथा

'बोर्ड' हा इंग्रजी शब्द मुळात सुताराच्या कामावरचा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा साधा अर्थ चिरलेल्या लाकडाची फळी. ढाल फळ्यांची बनायची, म्हणून कवितेत ढालीलाही 'बोर्ड' म्हणत.

मध्ययुगीन घरांत जेवणाचे टेबल बहुधा कायमचे मांडलेले नसे. जेवणवेळी लाकडी घोड्यांवर फळ्या टाकायच्या, जेवणे उरकली की उचलून ठेवायच्या. त्यामुळे फळी म्हणजे मेज, आणि पुढे मेजावरचे जेवणही 'बोर्ड' झाले. मराठीत केळीच्या पानावरून 'दहा पाने उठली' म्हणतात, तशीच ही चाल. पैसे देऊन परक्या घरी जेवणारा तो बोर्डर, राहण्या-जेवणाची सोय ते बोर्डिंग. राजर्षी शाहूंनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, मागोमाग इतर समाजांचीही वसतिगृहे निघाली आणि 'बोर्डिंग' हा शब्द खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या तोंडी बसला. त्याच्या पोटात जेवण आहे, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही.

कपबोर्ड ही आधी पेले मांडायची उघडी फळी होती. तिला दारे नंतर आली. पत्ते खेळताना हात मेजाच्या वर दिसत असतील तर लबाडीला वाव नाही, म्हणून सचोटीचा व्यवहार 'अबव्ह बोर्ड'.

मेजाभोवती बसून निर्णय घेणारे लोकही पुढे 'बोर्ड' झाले. ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख ठेवायला १७८४ च्या कायद्याने 'बोर्ड ऑफ कंट्रोल' नेमले गेले. पुढे जिल्हा लोकल बोर्डे आली, मग दहावी-बारावीचे बोर्ड. मराठीने त्याला प्रतिशब्द दिला 'मंडळ'. इंग्रजीने मेज पाहिले, मराठीने भोवतीचे कडे. मराठी शब्द अधिक नेमका म्हणावा लागेल.

जहाजाची गोष्ट सर्वांत रंजक. 'बोर्ड' म्हणजे जहाजाची बाजूही. जुन्या जहाजांना मागे मधोमध सुकाणू नसे. उजव्या कडेला एक रुंद वल्हे बांधलेले असे आणि त्याने जहाज वळवत. ती सुकाणूची बाजू स्टारबोर्ड. वल्हे धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज डावीकडून लावत, तिथूनच माल चढे. ती बाजू लारबोर्ड. वादळात ओरडून दिलेल्या हुकमात ही दोन नावे सारखीच ऐकू येत. अखेर १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड सोडून 'पोर्ट' म्हणण्याचा हुकूम काढला. जहाजावर असणे ते 'ऑन बोर्ड'. विमानाचा बोर्डिंग पास त्याच वाटेने आला.

मराठीत बोर्ड म्हटले की बहुधा एसटीच्या कपाळावरची गावाची पाटी, दुकानावरचे नाव किंवा कॅरम. संस्कृतातल्या 'फलक' शब्दालाही लाकडाची फळी, ढाल आणि सोंगट्यांचा पट असे तिन्ही अर्थ आहेत. मराठीतली फळी आणि वर्गातला फळा त्याच फलकातून आले, आणि स्कोअरबोर्डला मराठी वर्तमानपत्रे धावफलक म्हणतात.