'पडीक' कोणाच्या हिशेबी?

पुण्याहून सोलापूरकडे जाताना खिडकीबाहेरचे माळ पाहून आपण सहज म्हणून जातो, 'किती उजाड मुलूख!' आज आपल्याला या 'उजाड' शब्दाचीच थोडी झडती घ्यावयाची आहे.

ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. इंदापूर-सोलापूरच्या वाट्यास जेमतेम पाच-सातशे येतो. म्हणून घाटमाथ्यावर सदाहरित रान आहे, आणि तेथे शेकरू जमिनीला क्वचितच पाय लावून फांद्यांवरच जन्म काढते. पूर्वेकडील मुरमाड जमिनीवर झाडे विरळ, गवत फार. पण तेथे नांदणाऱ्यांना नेमके हेच हवे असते. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. शत्रू दुरून दिसावा म्हणून त्याला मोकळे रान लागते, आणि पावसाळ्यात गवतात माजणारे नाकतोडे हे त्याचे अन्न. पळून जीव वाचविणाऱ्या काळविटालाही दाट झाडी ही अडचणच.

कंपनी सरकारच्या चाकरीत असलेल्या कर्नल साइक्सने दख्खनभर हिंडून पशुपक्ष्यांच्या याद्या केल्या. आपल्या माळावरील लांडग्याचे शास्त्रीय वर्णन त्याने १८३१ साली प्रसिद्ध केले. येथील एका चंडोलाला आजही त्याचे नाव आहे. शास्त्राच्या वहीत माळ असा भरलेला होता.

महसुलाच्या वहीत मात्र तो रिकामा राहिला. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांची नवी जमाबंदी सुरू झाली. जमिनीची प्रत ठरली ती पिकाच्या दृष्टीने. जेथे पीक नाही ती 'पडीक' किंवा 'खराबा'. त्यांना सारा मोजावयाचा होता, तो त्यांनी मोजला. चूक आपली, की साऱ्याचा हिशेब हाच सृष्टीचा हिशेब असे आपण धरून चाललो. मेंढरे घेऊन हिंडणाऱ्या धनगराला माळ कधी रिकामा वाटला नाही.

पुढे कालवे आले, ऊस आला. शेतकऱ्याला पाणी मिळाले हे वाईट झाले असे कोण म्हणेल? पण उरलेल्या माळावरही 'हिरवे करू' म्हणून आपण झाडे लावीत सुटलो. १९७९ साली नान्नज परिसरात माळढोकासाठी अभयारण्य झाले, तरी आज महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. शिकारीने त्याला मारले हे खरे. पण त्याचे घर आपण एका शब्दाच्या भरवशावर मोडले.

तेव्हा माळावर रोप घेऊन निघण्यापूर्वी एवढे विचारू या : येथे आधीपासून कोण राहते?