आकडे आणि अक्षरे: पट्टकृमींच्या वर्गीकरणाकडे

जबलपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ चे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे विभागीय केंद्रही याच शहरात आहे. जनावराच्या आतड्यातून कृमी काढणारे आणि त्याला नाव देणारे असे दोघेही इथे आहेत, आणि पट्टकृमींच्या वर्गीकरणाला दोघेही लागतात.

जुनी पद्धत डोळ्यांची. नमुना काचेखाली दाबून पसरायचा, कार्माइनने रंगवायचा, मग चूषक, डोक्यावरचे आकडे आणि वृषणे मोजायची. शेळ्यामेंढ्यांतला मोनिझिया घ्या. खंडाच्या मागच्या कडेला ग्रंथींची रांग जवळजवळ पूर्ण रुंदीभर असेल तर तो एक्स्पान्सा. मधोमध आखूड असेल तर बेनेडेनाय. मराठवाडा विद्यापीठात प्रा. जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याच पद्धतीने अनेक नव्या जातींची वर्णने केली. पण पट्टकृमी मऊ असतो. मरताना आकसला की मापे बदलतात. केवळ मापांच्या फरकावर केलेल्या जाती पुन्हा तपासायला हव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवी पद्धत डीएनएच्या अक्षरांची. १९९२ मध्ये कॉक्स-१ या जनुकाचा ३६६ अक्षरांचा तुकडा वाचून हायडॅटिड गाठी करणाऱ्या एकिनोकॉकसचे जनुकीय प्रकार वेगळे करण्यात आले. पुढे महाराष्ट्र आणि आसपासच्या जनावरांतल्या गाठींवरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आकड्यांची मापेही घेतली होती, हे मला विशेष वाटते. सर्वाधिक निघाला म्हशींचा मानला जाणारा जी-३ हा जनुकीय प्रकार. जी-५सुद्धा सापडला. हा जी-५ आता ऑर्टलेपाय नावाची स्वतंत्र जात आहे. कुत्र्याच्या आतड्यात प्रौढ होऊन तो सुमारे पाच आठवड्यांतच अंडी देऊ लागतो, मेंढीच्या प्रकारापेक्षा लवकर. त्यामुळे ओळख चुकली, तर कुत्र्यांना जंतांचे औषध किती दिवसांनी द्यायचे हा हिशेबही चुकतो.

जनुकांवरही आंधळा विश्वास नको. जी-२ हा वेगळा प्रकार नसून जी-३ मध्येच मोडतो, हे २०१७ मध्ये जवळजवळ संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल जीनोम वाचल्यावर कळले. छोट्या तुकड्याने तिथे दिशाभूल केली होती.

नव्या विद्यार्थ्यांना एकच विनंती. शवविच्छेदनात कृमी मिळाला की सगळाच फॉर्मेलिनमध्ये टाकू नका. त्याने डीएनए खराब होतो. डोके आणि काही खंड रंगवायला ठेवा, एक तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवा, आणि दोन्ही बाटल्यांवर एकच क्रमांक लिहा.