गोफातले पाणी

सजीवांच्या ऊतींत पाण्याचा अंश मोठा असतो, आणि त्यांची सूक्ष्म रचना पाहू इच्छिणाऱ्या शास्त्रज्ञाला अडचण होते ती नेमकी या पाण्याचीच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आत निर्वात पोकळी असावी लागते; तेथे ओला नमुना ठेवला तर त्यातील पाणी उडून जाते. म्हणून नमुना आधी वाळवावा लागे. १९४२ च्या सुमारास या यंत्राने कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंवर सुमारे ६४० आंगस्ट्रॉम अंतराने येणारे पट्टे दाखविले. परंतु ते तंतू सुकलेले होते, आणि आतील रेणूंची मांडणी गूढच राहिली.

त्या गूढाची उकल मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, झाली. १९५२ साली जी. एन. रामचंद्रन मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी तेथे आलेल्या जे. डी. बर्नाल यांनी कोलॅजेनची समाधानकारक रचना अद्याप कोणालाच सापडलेली नाही, याकडे त्यांचे लक्ष वेधले. केंद्रीय चर्मसंशोधन संस्था जवळच होती, आणि कातडे म्हणजे मुख्यतः कोलॅजेनच. कांगारूच्या शेपटीतील कंडरेवर क्ष-किरण टाकून रामचंद्रन व गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये तीन साखळ्यांची रचना मांडली आणि पुढच्या वर्षी त्या साखळ्यांना गोफासारखा पीळ दिला.

येथे वाद उभा राहिला. हे पेड एकत्र धरणारे हायड्रोजन-बंध दर तीन घटकांमागे दोन असतात, असे मद्रासचे म्हणणे. केंब्रिजच्या रिच व क्रिक यांच्या मते एकच. दोन मानल्यास अणू एकमेकांना फार खेटतात, असा आक्षेप होता. तो गंभीरपणे घेऊन रामचंद्रनांनी अणूंमधील किमान अंतरांचा नव्याने हिशेब केला, आणि त्यातूनच १९६३ चा जगप्रसिद्ध 'रामचंद्रन आलेख' निघाला. पुढे १९६८ साली त्यांनी व आर. चंद्रशेखरन यांनी सुचविले, की एक बंध थेट असावा आणि दुसरा मधल्या पाण्याच्या रेणूमार्फत जुळलेला असावा.

१९९४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी कोलॅजेनसदृश रेणूच्या स्फटिकाची रचना उलगडली, तेव्हा थेट बंध एकच निघाला; मात्र पेडांना बिलगून त्यांना परस्परांशी जोडणारे पाण्याचे जाळेही स्पष्ट दिसले.

तोवर सूक्ष्मदर्शकानेही पाण्याशी जुळवून घेतले होते. गोठविलेला ओला नमुना निर्वातातही टिकतो, हे टेलर व ग्लेझर यांनी १९७४ मध्ये दाखविले. पुढील दशकात झाक ड्युबोशे यांनी पाणी इतक्या त्वरेने गोठविले, की बर्फाचे स्फटिक बनण्यास अवसरच उरला नाही. २०१७ च्या नोबेल पारितोषिकात ते एक मानकरी ठरले. वाळवून दूर सारण्याची अडचण म्हणून ज्याच्याकडे पाहिले गेले, ते पाणी त्या गोफाच्या बांधणीचेच एक अंग होते.