रोजकीर्द, खतावणी आणि संगणकातील फाईल

पुंडलिकनगरातील एखाद्या शाळेत संगणकावर वर्गाचा निकाल तयार होत आहे, असे समजू. गुण भरून फाईल ‘सेव्ह’ केली आणि तेवढ्यात वीज गेली. गुण राहिले की गेले? उत्तर वाटते तितके सोपे नाही. डिस्कवर लिहिणे सावकाशीचे काम असल्याने माहिती आधी तात्पुरत्या स्मृतीत साठते आणि नंतर डिस्कवर उतरते. मधल्या काळात वीज गेली, तर स्मृतीतील माहिती पुसली जाते.

हा प्रश्न जुना आहे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्स प्रणालीत यासाठी ‘सिंक’ ही आज्ञा आली. साचलेली सगळी माहिती ती डिस्ककडे पाठवी. पुढे दर ३० सेकंदांनी ती आपोआप दिली जाऊ लागली. १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये ‘एफसिंक’ आली. तिचा अर्थ, ‘ही एक फाईल आत्ता उतरव, तोवर मी थांबतो.’

दुसरा उपाय आपल्या परिचयाचा आहे. व्यापारी दिवसाचे व्यवहार आधी रोजकीर्दीत क्रमाने टिपतो, मग खतावणीत खात्यांप्रमाणे मांडतो. खतावणी अर्धवट राहिली, तरी रोजकीर्दीवरून ती पुरी करता येते. स्टीफन ट्वीडी यांनी लिनक्ससाठी रचलेल्या ‘ईएक्सटी-३’ या फाईलव्यवस्थेत अशीच वही होती. २००१ मध्ये ती लिनक्समध्ये सामील झाली. वहीत साधारण दर ५ सेकंदांनी नोंद होई आणि त्या नोंदीआधी फाईलचा मजकूर डिस्कवर जाई. त्यामुळे एफसिंक न देताही काम भागते, अशी सवय आज्ञावली लिहिणाऱ्यांना लागली. शिवाय एका फाईलसाठी एफसिंक दिली, तरी इतर फाईलींचा साचलेला मजकूरही लिहावा लागे. २००८ मध्ये फायरफॉक्स-३ यामुळेच अडखळत असे.

डिसेंबर २००८ मध्ये लिनक्स २.६.२८ बरोबर ‘ईएक्सटी-४’ वापरास सिद्ध झाली. तिच्यात मजकुराला डिस्कवरील जागा उशिरा दिली जाई. फाईलचा पूर्ण आकार कळल्यावर सलग जागा देता येते, हा त्याचा फायदा. पण अनेक आज्ञावली फाईल बदलताना नवी प्रत लिहीत आणि तिला जुन्या प्रतीचे नाव देत. नावातील बदल काही सेकंदांत वहीत चढे, मजकूर मात्र अर्ध्या मिनिटानेही उतरे. त्या अवधीत वीज गेली, की नाव शिल्लक आणि फाईल रिकामी! जुनी प्रतही गेलेली.

२००९ च्या सुरुवातीस तक्रारी आल्या. ईएक्सटी-४ चे प्रमुख थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे, की पॉझिक्स या मानकाने एफसिंकशिवाय मजकूर टिकण्याची हमी कधीच दिली नव्हती. नियमाने ते बरोबर होते. पण वर्षानुवर्षांची सवय मोडल्यावर नुकसान वापरणाऱ्याचेच होणार होते. म्हणून त्यांनीच दुरुस्ती केली. जुन्या फाईलच्या जागी नवी ठेवताच तिच्या मजकुराला लगेच जागा मिळू लागली. जून २००९ च्या लिनक्स २.६.३० मध्ये ती समाविष्ट झाली. एफसिंक द्यावी, हा सल्ला मात्र कायम राहिला.

असा बदल तपासताना ‘आज्ञावली नीट चालते का?’ एवढे विचारून भागत नाही. प्रत्येक ओळीनंतर थांबून विचारावे लागते, ‘इथे वीज गेली, तर डिस्कवर काय उरेल?’ वर्गात हे करून पाहता येईल. फळ्यावर तीन पायऱ्या लिहा: नवी प्रत लिहा, एफसिंक द्या, नाव बदला. विद्यार्थ्यांना प्रत्येक पायरीवर वीज घालवू द्या. प्रत्येक वेळी पूर्ण जुनी किंवा पूर्ण नवी प्रत हाती लागेल. मग मधली पायरी पुसा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा.