‘कीचकवध’ आणि नाशिकची गोळी

हिंसा पाहून पाहणाऱ्याच्या हातून हिंसा घडते काय, हा प्रश्न आज चित्रपटांविषयीं आणि मुलांच्या व्हिडिओ-खेळांविषयीं विचारला जातो. महाराष्ट्राला तो नवा नाहीं. शतकापूर्वीं मुंबई सरकारनें त्याचें उत्तर हुकूम काढून देऊन टाकलें होतें. तें कितपत खरें, एवढेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘कीचकवध’ १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. कथा विराटपर्वांतली, घरोघर ठाऊक असलेली: मदांध कीचक द्रौपदीची विटंबना करतो, धर्मराज संयम शिकवितो, आणि भीम रात्रीं नृत्यशाळेंत कीचकाचा प्राण घेतो. १९०५ च्या वंगभंगाचा चटका ताजा होता. कीचक म्हणजे कर्झन आणि द्रौपदी म्हणजे कोण, हें प्रेक्षकांस सांगावें लागत नसे. (धर्मराज पाहून मवाळांस काय वाटलें असेल, तें त्यांनाच ठाऊक!)

पुढें २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांना विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे या विशीही न गाठलेल्या तरुणानें गोळ्या घालून ठार केलें. महिन्याभरांत लंडनच्या ‘टाइम्स’नें ‘कीचकवधा’वर झोड उठविली, आणि जानेवारी १९१० मध्येंच सरकारनें नाटक बंद केलें. १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा हातीं होताच. तो मुळांत बंगाल्यांतल्या नाटकांच्या धास्तीनें झालेला.

परंतु त्या रात्रीं विजयानंदांत खेळ कोणता होता? देवलांची ‘शारदा’! जरठ-बाला विवाहावरचें नाटक. त्यांत शस्त्र उपसण्याचा प्रसंगच नाहीं. जॅक्सन यांच्या निरोपासाठीं तो प्रयोग लावला होता. ते संस्कृतचे जाणते होते. कीचकाची कथा त्यांना मुळांतून ठाऊक असण्याचाही संभव आहे. आणि गोळी कशाबद्दल? त्याच वर्षीं बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळें पाणी झालें, तें कविता छापल्याबद्दल. कान्हेरे याला त्याचा सूड घ्यावयाचा होता. त्यामागें गुप्त मंडळी होती, आणि पिस्तूल लंडनहून आलेलें होतें.

कीचकाची कथा कीर्तनकारांनीं शतकानुशतकें सांगितली. ती ऐकून कोणी कलेक्टर मारला नाहीं. १९०७ च्या प्रेक्षकाला ती पेटवूं शकली, कारण संताप त्याच्या मनांत अगोदरच होता. नाटकानें त्याला चेहरा दिला. याचा अर्थ नाटक निरुपद्रवी होतें असा मात्र नव्हे. ‘केसरी’च्या संपादकवर्गांतल्या खाडिलकरांनीं निव्वळ करमणुकीसाठीं लेखणी उचलली असें म्हणणें हा त्यांचाच अपमान होय. पण ‘कीचकवध’ पाहून आलेले बहुतेक प्रेक्षक घरीं जाऊन झोपले. संतापाची गोळी होण्यास ताजी जखम, साथीदार आणि हत्यार हीं लागलीं, आणि यांपैकीं एकही रंगभूमीनें पुरविलें नव्हतें. कवितेला काळें पाणी ही शिक्षा तपासून पाहण्यापेक्षां नाटक बंद करणें सरकारला सोपें वाटलें, इतकेंच.

कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं दिलें. नाटकावरची बंदी कालांतरानें उठली. १८७६ चा तो कायदा मात्र स्वतंत्र भारतांतही टिकून राहिला. तो रद्द झाला २०१८ सालीं.