एक जूनचे वाढदिवस

एखाद्या जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडा आणि जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट खाली न्या. १ जून, १४ ऑगस्ट, १ जून, ५ मार्च, पुन्हा १ जून. वर्षाचे दिवस ३६५. जन्म सगळ्या दिवसांवर साधारण सारखे विभागले गेले, तर हजार मुलांमागे जेमतेम तिघांचा वाढदिवस १ जूनला यायला हवा. प्रत्यक्षात महाराष्ट्रात या दिवशी वाढदिवस असणाऱ्यांची संख्या इतकी मोठी आहे की, त्यावर विनोद केले जातात.

कारण आपल्याला ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये सुरू होत. मूल दाखल करायला आलेल्या आईबापांकडे जन्माचा कागद नसे. 'भाताची लावणी चालली होती तेव्हाचा', 'मोठा पूर आला त्याच्या पुढच्या सालचा' एवढीच माहिती मिळे. मग गुरुजी मुलाला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगत. ही युक्ती अगदीच अडाणी नव्हती. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि हात आखूड असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास हात पलीकडच्या कानापर्यंत पोचू लागतो. कानाला हात लागला की सहा वर्षे पूर्ण धरायची आणि नियमात बसेल अशी तारीख लिहायची. ती तारीख म्हणजे १ जून.

मूल शाळेत यावे, हाच त्यामागचा हेतू असे. पण पुढे हीच तारीख मुलाची वाट अडवू शकते. ते कसे, हे सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या उदाहरणावरून पाहू.

घाटापलीकडची प्रबोधिनी

कर्जतहून घाट चढून पुण्याला जाणारी गाडी शंभर किलोमीटरच्या आतच पुण्यात पोचते. तिथून जवळच खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजेच एनडीए आहे. तिची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी औपचारिक उद्घाटन झाले. प्रवेशासाठी आधी संघ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा, मग निवड मंडळासमोर काही दिवस चालणारी मुलाखत आणि शेवटी वैद्यकीय तपासणी. लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते. बरीच वर्षे हा मार्ग फक्त मुलांना होता. मुलींना पहिली परीक्षा नोव्हेंबर २०२१ मध्ये देता आली आणि मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये प्रबोधिनीतून बाहेर पडली.

अभ्यासक्रम सुरू होताना उमेदवाराचे वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे असावे लागते. म्हणजे तीन वर्षांची खिडकी आणि जास्तीत जास्त सहा संधी. त्यातही बारावीत पोचल्याशिवाय अर्ज करता येत नाही, त्यामुळे बहुतेकांच्या हाती तीन-चारच संधी उरतात. रजिस्टरात वय एका वर्षाने जास्त लागले असेल, तर त्यांतल्या दोन हकनाक जातात.

वयाचा पुरावा म्हणून आयोग जन्मतारीख घेतो ती मॅट्रिकच्या म्हणजे दहावीच्या प्रमाणपत्रावरची. पंचांग, कुंडली, प्रतिज्ञापत्र यांतले काही चालत नाही. आयोगाने एकदा नोंदवलेली तारीख नंतर बदलतही नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर ही तारीख येते ती शाळेच्या रजिस्टरातून. याचा अर्थ असा की, खडकवासल्याच्या अर्जाचा पहिला रकाना बारा वर्षे आधीच, पहिलीच्या वर्गात भरला गेलेला असतो. तो भरणारा हात शिक्षकाचा असतो.

कर्जत-खालापूरच्या डोंगराळ भागात ही बाब आणखी नाजूक होते. इथल्या वाड्यांवर ठाकर आणि कातकरी समाजाची वस्ती आहे. बरीच कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. भट्टीवर जन्मलेल्या मुलाचा जन्म कायद्याप्रमाणे जिथे झाला तिथेच, २१ दिवसांच्या आत नोंदवायचा असतो. तोवर कुटुंब दुसरीकडे हलले असेल तर नोंद राहून जाते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. अशा मुलाचे स्थलांतरात एखाददुसरे इयत्तेचे वर्षही वाया जाते. उशिरा बारावीला पोचलेल्या या मुलाच्या बाबतीत रजिस्टरातल्या सहा महिन्यांनाही किंमत येते.

जन्मनोंदणीचा कायदा आपल्याकडे १८८६ पासून आहे, पण नोंदणी देशभर सक्तीची झाली ती १९६९ च्या कायद्याने. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला. पण ही मुले पहिलीत येईपर्यंत २०२९-३० साल उजाडेल. त्याआधी जन्मलेली, आज आपल्या वर्गात बसलेली मुले जुन्याच व्यवस्थेतली आहेत.

कागदावरची चूक किती दूर जाते याचे एक उदाहरण सर्वांसमोर घडले. जनरल विजयकुमार सिंग यांच्या १९६५ मधल्या एनडीएच्या अर्जात जन्मतारीख १० मे १९५० अशी पडली. मॅट्रिकच्या प्रमाणपत्रात १० मे १९५१ होती. सैन्याच्या एका शाखेत एक साल, दुसरीत दुसरे, असे चार दशके चालले. ते लष्करप्रमुख झाल्यावर निवृत्ती कोणत्या तारखेने धरायची यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी याचिका मागे घेतली, १९५० हेच साल कायम राहिले आणि ते त्याच वर्षी मे महिन्यात निवृत्त झाले. लष्करप्रमुखालाही जी नोंद बदलून मिळाली नाही, ती वाडीवरच्या मुलाला सहज बदलून मिळेल असे समजण्यात अर्थ नाही.

केटलेने पकडलेली लबाडी

रजिस्टरातला १ जूनचा उंचवटा पाहिला की एका जुन्या शोधाची आठवण होते. अॅडॉल्फ केटले हा बेल्जियमचा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. माणसांची मोजमापेही, ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणांतल्या चुकांप्रमाणे, घंटेच्या आकाराच्या वक्रावर बसतात, असे त्याने दाखवले. उंचीच्या वर्गाशी वजनाची तुलना करण्याची कल्पनाही त्याचीच. तिलाच आपण आज बॉडी मास इंडेक्स म्हणतो.

१८४० च्या दशकात त्याने फ्रान्समधल्या सक्तीच्या भरतीच्या एक लाख तरुणांची उंची तपासली. बाकीचा वक्र नीट जमत होता. फक्त १५७ सेंटिमीटरच्या खाली अपेक्षेपेक्षा सुमारे सव्वादोन हजार तरुण जास्त निघाले, आणि त्याच्या लगेच वरच्या गटांत जवळजवळ तितकेच कमी. १५७ सेंटिमीटर ही तेव्हा भरतीची किमान उंची होती. उघड होते की, सैन्यात जायचे टाळण्यासाठी हजारो जण मापाच्या वेळी 'बुटके' झाले होते. एकाही माणसाला न भेटता, नुसत्या आलेखावरून केटलेने हे ओळखले.

आपल्या रजिस्टरातला १ जूनचा उंचवटा त्याच जातीचा आहे. जिथे नियमाची रेषा असते, तिथे आकडे रेषेच्या सोयीच्या बाजूला गोळा होतात.

योगायोगाने एनडीएसाठी मुलांची सर्वसाधारण किमान उंचीही १५७ सेंटिमीटरच आहे. काही प्रदेशांतल्या उमेदवारांना सवलत असते आणि वैमानिकांसाठी ती अधिक लागते. अठरा वर्षांखालच्या उमेदवाराची वाढ अजून बाकी आहे असे धरून दोन सेंटिमीटरची सूट देतात. म्हणजे उंचीचा निकालसुद्धा कधी कधी जन्मतारखेवर ठरतो!

भरतीतून आलेली शाळातपासणी

वैद्यकीय तपासणीतल्या प्रत्येक बाबीला असाच इतिहास आहे. दातांचे पाहा. तोंडाने भरायच्या बंदुकांच्या काळात काडतुसाचा कागद दातांनी फाडावा लागे. समोरासमोर येणारे पुढचे दात नसले तर युरोपात माणूस भरतीतून बाद होई. याच दातांनी फाडायच्या काडतुसांनी १८५७ मध्ये काय घडवले ते आपण इतिहासात शिकवतोच. काडतुसे गेली, पण दातांची तपासणी राहिली. आज दातांना गुण असतात. एकूण २२ पैकी किमान १४ लागतात. समोरासमोर जुळणाऱ्या दातांनाच गुण मिळतात. आता प्रश्न असतो तो अन्न नीट चावता येण्याचा.

१८९९ मध्ये बोअर युद्ध सुरू झाले तेव्हा इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये भरतीला आलेल्या सुमारे १२ हजार तरुणांपैकी ८ हजार नापास झाले, हा आकडा खूप गाजला. गिरणगावातली पिढी खुजी, किडक्या दातांची आणि अशक्त निघाली होती. सरकारने समिती नेमली. तिचा अहवाल १९०४ मध्ये आला. दोष रक्तात नसून उपासमारीत आणि दाटीवाटीच्या घरांत आहे, असा त्याचा रोख होता. त्यातून १९०६ मध्ये शाळेत जेवण देण्याचा आणि १९०७ मध्ये शाळेतच वैद्यकीय तपासणी करण्याचा कायदा झाला. अठराव्या वर्षी बाद करण्यापेक्षा सहाव्या वर्षी तपासावे, हे शहाणपण असे युद्धातून आले.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची पथके शाळेत येतात, वजन-उंची घेतात, डोळे, कान, दात पाहतात. हा दिवस नुसता उरकून टाकायचा नसतो. पथकाने 'पुढे दाखवा' असे लिहिलेल्या मुलाला कोणी रुग्णालयात नेले का, हे विचारणारे शाळेत कोणीतरी असावे लागते.

सहा मीटर आणि दोन रंग

डोळ्यांची पहिली चाचणी शाळेत सहज करता येते. हॉलंडमधल्या हर्मन स्नेलेन याने १८६२ मध्ये अक्षरांचा तक्ता केला. कोनाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर एका भागाला मिनिट म्हणतात. निरोगी डोळ्याला एक मिनिटाचा कोन करणारी फट दिसते, हे स्नेलेनने गृहीत धरले. अक्षर पाच मिनिटांचे, त्याची प्रत्येक रेघ एक मिनिटाची. सहा मीटरवरून पाच मिनिटांचा कोन म्हणजे सुमारे ८.७ मिलिमीटर. एवढ्या उंचीचे, तीन दांड्यांचे इंग्रजी 'ई' काळ्या शाईने काढा आणि ते वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवून दाखवा. एकेक डोळा झाकून मुलाने दिशा ओळखली तर दृष्टी ६/६. दुप्पट मोठे अक्षरच दिसत असेल तर ६/१२. अशा मुलाला डॉक्टरांकडे पाठवावे. फळ्यावरचे न दिसणारे मूल 'अभ्यासात कच्चे' ठरलेले आपण पाहतो. चष्मा वेळेवर लागला तर शिक्षण वाचते. चष्मा कोणत्या नंबरापर्यंत चालेल हे प्रत्येक शाखेचे वेगळे असते, म्हणून चालू वर्षाची जाहिरातच पाहावी.

रंगदृष्टीचे मात्र वेगळे आहे. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर होऊन नऊ जण दगावले. कर्मचाऱ्याला सिग्नलचा रंग कळला नसावा, असा संशय होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाला आला. त्याने रंगीत लोकरीच्या लडी निवडायला लावून रेल्वे कर्मचाऱ्यांची चाचणी सुरू केली. कर्जत हे तर रेल्वेचेच गाव. १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाल्यापासून गाड्यांना मागून जोर देणारी इंजिने इथे जोडत आले आहेत. घाटात लाल आणि हिरवा यांत घोटाळा झाला तर काय होईल, हे इथल्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. पुढे जपानचा लष्करी डॉक्टर शिनोबू इशिहारा याने सैनिकांच्या तपासणीसाठी ठिपक्यांत लपलेल्या आकड्यांचे तक्ते तयार केले. १९१७ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि आजही वापरले जातात.

लाल-हिरव्यातला फरक न कळणे बहुधा जन्मजात असते आणि त्यावर औषध नाही. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाकडे एकच एक्स, मुलीकडे दोन. म्हणून उत्तर युरोपात पुरुषांत प्रमाण सुमारे ८ टक्के, तर स्त्रियांत अर्धा टक्का आहे. अशा मुलाला हे बारावीनंतर तपासणीच्या टेबलाशी कळणे क्रूर आहे. आठवीतच कळले तर तो दुसरी वाट वेळेत निवडतो.

आठवीतली फाइल

म्हणून आठवीत आलेल्या प्रत्येक मुलामुलीची एक पातळ फाइल शाळेने करावी, असे सुचवावेसे वाटते. तिच्यात जन्माचा दाखला ठेवावा. तो नसेल तर तो काढण्याचे काम तेव्हाच सुरू करावे. मुलाचे, वडिलांचे आणि आईचे नाव जनरल रजिस्टर, जन्मदाखला आणि आधार यांवर अक्षरशः एकच आहे का, हे ताडून पाहावे. एका वेलांटीवरून पुढे महिने जातात. फरक असेल तर मूल शाळेत असतानाच योग्य मार्गाने दुरुस्ती करून घ्यावी, कारण शाळा सोडल्यावर ती फार अवघड होते. सोबत दरवर्षीची उंची, वजन, दृष्टी आणि एकदा केलेली रंगदृष्टीची चाचणी.

यातली फार थोडी मुले खडकवासल्याला जातील. पण हेच कागद पोलीस भरतीला, रेल्वेला, परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला आणि शिष्यवृत्तीलाही लागतात. वर्गात एक प्रयोगही करता येईल. जुन्या रजिस्टरांतल्या जन्मतारखा नावे न घेता मोजा, महिनावार आलेख काढा आणि जूनचा उंचवटा दशकागणिक किती कमी झाला ते पाहा. तो जितका खाली येईल, तितक्या मुलांना आपली खरी जन्मतारीख मिळालेली असेल.